परशा म्हात्रेचा बँड

परशा म्हात्रे भेटला की नमस्कार-चमत्कार काही करायचा नाही. खिशातून इअरफोनची वायर काढायचा, तिचं एक टोक बाहीला पुसायचा आणि तुमची परवानगी न विचारता सरळ तुमच्या कानात खुपसायचा. दुसरं टोक त्याच्या कानात. त्या वायरला डिझेलचा वास यायचा. मी रेवस जेट्टीच्या खिडकीवर तिकिटं देणारा माणूस; समोर मुंबईला जाणाऱ्यांची रांग, मागून कोणीतरी ओरडतंय, आणि हा मधूनच हात घालून म्हणायचा, "मास्तर, आदी आयक, मंग तिकीट फाड."

परशा भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर इंजिन चालवायचा. म्हणजे दिवसभर लाँचच्या पोटात, त्या धडधडाटात. वर सुकाणूवर सारंग इब्राहिमचाचा. चाचांनी दोरी ओढली की खाली घंटा वाजायची. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. खालच्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही. समुद्र नाही, धक्का नाही. घंटा सांगेल ते खरं. परशाने वीस वर्षं असं न बघता लाँच धक्क्याला लावली होती आणि त्याचा त्याला बऱ्यापैकी माज होता.

आमच्याकडे गाणं म्हणजे हळदीचं. डीजे लागला पाहिजे, बेंजो वाजला पाहिजे, अख्खं गाव नाचलं पाहिजे. या सगळ्यांत परशाला वेड कुणाचं, तर नाशिककडच्या चार पोरांच्या एका बँडचं. नाव 'गळका नळ'. घरातला नळ दुरुस्त कसा करायचा ते फोनवर शोधताना त्याला ही पोरं सापडली आणि तो नळ पुढे वर्षभर गळतच राहिला. चौघंही धड दाढी न केलेले. एका खोलीत, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभं राहून त्यांनी व्हिडिओ काढलेले. बघणारे मूठभर, त्यातला निम्मा परशाच असावा. दोन अल्बम, सगळी मिळून अकरा गाणी. ती लावायची ती क्रमानेच. मधलं एखादं गाळलं की परशा तुमच्याकडे असा बघायचा की जणू तुम्ही पंगतीत बसून वरण नको म्हणालात.

"तुझी ही पोरं गातात की भांडी घासतात रे?" चाचा विचारायचे.

"चाचा, तुमी त्यातला येक भांडा घासून दाखवा," हा म्हणायचा आणि पुढे अर्धा तास ड्रमरबद्दल बोलायचा. गिटार कुठे मुद्दाम बेसूर केलीय, कुठल्या गाण्यात पोराने श्वास घेतलेला ऐकू येतो, सगळं पाठ. एकदा मी वैतागून विचारलं, की बाबा रे, यात तुला एवढं काय सापडतं? "आपल्याला कोन इचारत न्हाय, तेवडाच सांगतो तो गानारा पोरगा. पन चार मिन्टा सांगतो," तो म्हणाला. आणि दर वेळी वायर पुढे करताना एक वाक्य ठरलेलं: "गाना येकट्यानं आयकला तं अर्दाच आयकला."

मी मान हलवायचो. "मस्त आहे," म्हणायचो. एकीकडे सुट्टे पैसे मोजायचो.

तीनेक वर्षांपूर्वी एका दुपारी तो खिडकीशी आला तो भडकलेलाच. पहिल्या अल्बममधल्या चौथ्या गाण्यातून पोरांनी झांज काढून टाकली म्हणे. "मागच्या साली होती. मना पाठ हाय. नवीन काय करतील तं करूदे, जुन्याला हात कशाला लावतात?" त्याने व्हिडिओखाली लांबलचक तक्रार लिहिली होती. गाणाऱ्या पोराचं उत्तरही आलं होतं: दादा, काहीच काढलेलं नाही, गाणं तेच आहे.

"खोटा बोलतोय," परशा म्हणाला. "तू आयक. हाय का झांज?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. झांज होती. माझ्यासारख्या औरंगजेबालाही ऐकू येईल अशी, छन् छन् छन्, गाणं संपेपर्यंत. मी मान वर केली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला "नाही" म्हणता आलं असतं. मी "आहे" म्हणालो.

त्याने वायर गुंडाळली, खिशात टाकली आणि लाँचकडे चालायला लागला. रागावण्यासाठीसुद्धा थांबला नाही.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस खराब झालीय, बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. इंजिन आजच सोडा, म्हणजे उरलंय ते थोडे दिवस जास्त टिकेल. पण परशाच्या घरात कमावणारा तो एकटा, मुलगी बारावीला. इंजिन सोडून करणार काय? त्यातच बँडने जाहीर केलं होतं की तिसरा अल्बम येतोय. परशाने त्यांना निरोप पाठवला, "लवकर करा. माझ्याकडे टाइम कमी हाय." त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. दिवाळीत येणार होता तो होळीवर गेला, होळीवरून पावसाळ्यावर. पोरांचं काहीतरी वाजवायचं राहिलं होतं, मग काहीतरी जुळवायचं राहिलं होतं. परशा माझ्या खिडकीशी उभा राहून फोन बघायचा. इतका हवालदिल माणूस मी पाहिलेला नाही. दवाखान्याच्या दारातही नाही.

मग त्याने एक उपाय काढला. इंजिन सुरू केलं की तो कानांत मेणात भिजवलेला कापूस कोंबायला लागला, वरून गमछा आवळून. उरलेला कान नव्या अल्बमसाठी शिल्लक ठेवायचा म्हणून. पण कापूस घातल्यावर घंटा कशी ऐकणार? त्याने घंटेच्या लोलकाला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, बांधला आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला. घंटा हलली की मनगटाला हिसका. एक हिसका पुढे, दोन थांब, तीन मागे.

"चाचांना सांगू नको," तो म्हणाला. "अल्बम येईस्तवर. मंग मीच सोडतो."

मी नाही सांगितलं. दिवसाला शेकडो माणसांना त्या लाँचची तिकिटं मी माझ्या हाताने देत होतो आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

एका सकाळी भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच जेट्टीजवळ आली तरी तिचा वेग कमी होईना. वर चाचा दोरी ओढताना मला स्पष्ट दिसत होते. पुन्हा पुन्हा ओढत होते. खाली तंगूस तुटला होता आणि परशा निवांतपणे हिसक्याची वाट बघत होता. लाँच धाडकन जेट्टीवर आदळली. उतरायला उभी राहिलेली माणसं एकमेकांवर पडली. हिराबाई मासेवाली टोपलीसकट लोखंडावर आपटली, तिचं मनगट मोडलं. कुणी पाण्यात पडलं नाही, एवढंच नशीब.

परशा वर आला तो कानांत कापूस तसाच. सगळ्यांनी पाहिला. चाचांनी पुढे होऊन तो स्वतःच्या बोटांनी काढला. "तीन सोड, मी दहा वेळा ओढली रे," एवढंच म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. परशाने एक सबब सांगितली नाही. हिराबाईच्या पाया पडला. दुपारी मालकाकडे जाऊन म्हणाला, "मना आयकू येत न्हाय. मीच लपवला." माझं नाव त्याने घेतलं नाही. मीही पुढे झालो नाही. ते मला अजून खातं.

इंजिन सुटलं, पण कान थांबला नाही. पावसाळा संपेपर्यंत उरलासुरला गेला. कानाला मशीन लावलं. त्यातून समोरच्या माणसाचं बोलणं बरंचसं कळायचं, पण गाणं लावलं की पत्रा घासल्यासारखी नुसती खडखड. त्याने अकराही गाणी एकदा क्रमाने लावून बघितली, म्हणे. सगळी एकच वाजली.

आणि मग अल्बम आला. परशा संध्याकाळी खिडकीशी आला, शेवटची लाँच गेल्यावर. या वेळी त्याने वायरची दोन्ही टोकं माझ्या कानांत घातली.

"तू आयक आनि मना सांग."

मी पहिलं गाणं ऐकलं. म्हणालो, "छान आहे."

"छान नको. काय वाजतंय?"

"गिटार आहे. मग मध्येच ढोल येतो."

"ड्रम. मदी म्हनजे कदी? तो गायचा थांबल्यावर का गाताना?"

मला आठवेना. पुन्हा लावलं. पुन्हा तो विचारायला लागला, आवाज भरलेला की पोकळ, एक गिटार की दोन, पोरगा ओरडतो की आतल्या आत म्हणतो, आणि मला एकाचंही उत्तर देता येईना.

"मास्तर, आट वर्सं मी तुना आयकवतोय. त्या झांजेचा दिवस सोडला तं येक तरी गाना तू आयकलास काय?"

"नाही रे," मी म्हणालो.

वाटलं, आता उठून जाईल. त्याने बाकावर बसकण मारली. "तरी वाटलाच मना," म्हणाला. मग खाडीकडे बघून, "मंग आता शिक. मना दुसरा कोन न्हाय."

त्याने युक्ती सांगितली. ड्रमचा ठोका पडला की मी हात खाली आणायचा, म्हणजे त्याला दिसेल. मी तेच पहिलं गाणं लावलं. ठोका पडला, माझ्या लक्षात आलं, मग हात खाली आला. पुन्हा ठोका, पुन्हा मी मागे. परशा माझ्या हाताकडे डोळे लावून मांडीवर बोटं आपटत होता आणि कितीतरी महिन्यांनी त्याची मान डोलत होती. चार मिनिटं मी दर ठोक्याला चुकत होतो. ते त्याला कळायला काही मार्ग नव्हता, आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात तो बिऱ्हाड घेऊन बोर्ली पंचतनला सासरवाडीला गेला. तिथे मेव्हण्याच्या दुकानात बसतो. अधूनमधून निरोप येतो. परवाच आला: पोरांनी आजवर केलेल्या सगळ्यांत नव्या अल्बममधलं ते पहिलं गाणं भारी आहे, ड्रमर कसा जरा रेंगाळून, मागे राहून वाजवतो, असा ठेका त्याने जन्मात ऐकला नव्हता.