भांडायचा हक

मलकापुरातल्या आमच्या शेजारच्या मावशी रविवारी चर्चमधून आल्या की जेवायला आलेल्या धाकट्या भावाशी भांडायच्या. मावशींचा देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिघांत एक. भावाला ते पटेना. येशू हाच एकटा देव, असं म्हणत तो दुसऱ्या चर्चच्या मंडळीत गेला होता.

"तीन देव करून ठेवलेत तुमी," तो म्हणायचा.

"एकच हाय रं! डोस्क्यात शिरत न्हाई व्हय तुज्या?" असं ओरडत मावशी त्याच्या ताटात आणखी मटण वाढायच्या.

भाऊ अचानक गेला. शवपेटीमागून दोन्ही चर्चची माणसं आणि आम्ही शेजारी चालत निघालो. मावशींच्या चर्चचे पंच दफनभूमीच्या फाटकातच म्हणाले, "त्यांचा विश्वास वेगळा. इथं जागा देता येणार नाही."

मावशी पदर खोचून पुढं झाल्या. "त्याचं चुकत हुतं, हे मी त्याला जलमभर सांगितलं. पर त्यो येशूपुढंच गुडघं टेकत हुता. त्याच्याशी भांडायचा हक माजा हाय, तुमचा न्हाई. कुलूप काढा!"

पंचांनी कुलूप काढलं. मावशींनी ताठ मानेनं गीत उचललं. दोन्ही मंडळ्या एका सुरात गात आत शिरल्या, आणि त्यातला एकही शब्द येत नसताना मीही मोठ्यानं गात होतो.