बाईंना कुशीवर वळवताना

बडोद्याला आले तेव्हा कुणाशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. नगरकडून इतक्या लांब आलेली, नवरा रेल्वेच्या कारखान्यात, दिवसभर घरात मी एकटी. शाळा मी तिसरीतच सोडली होती, आईच्या आजारपणात. आणि इथे तर महाराजांनी शाळा सक्तीची केलेली. शेजारची परकरी पोर माझ्यापेक्षा भरभर वाचायची. रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेले की मी अगदी मागच्या चटईवर बसायची आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायची. कुणी पुस्तक हातात देऊन "वाचा" म्हणेल, याची धास्ती.

अशाच एका रविवारनंतर आमच्या मंडळीच्या बायबल-बाई दारात उभ्या राहिल्या. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यांना भेटायचं, हे त्यांचं काम. विधवा, पन्नाशी उलटलेल्या, काखेत काळी छत्री. "सलाम" म्हणाल्या आणि मी या म्हणायच्या आत येऊन बसल्या. मी तांदूळ निवडत होते. त्यांनी सूप स्वतःकडे ओढलं. मला रडू आलं तर म्हणाल्या, "रड बाई, रड. पण खडे बघून टाक. संध्याकाळी नवऱ्याच्या दाताखाली यायचे."

त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. पुढे वर्षभर दर आठवड्याला येत राहिल्या. मी बडोद्यात टिकले ती त्यांच्यामुळे.

मग त्यांनाच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. चर्चमागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. शेजारची एक गुजराती बेन सकाळ-संध्याकाळ पेज भरवायची, रात्री जवळ निजायची, पण वयाने थकलेली. तिला त्यांना हलवणं जमत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "दर तीन तासांनी कूस बदला. पाठीला जखमा झाल्या तर त्या यांना घेऊन जातील."

पाद्रीसाहेबांच्या पत्नीने, आमच्या पाळकबाईंनी, स्त्रियांच्या सभेत वार वाटून दिले. मला गुरुवार आला. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, म्हणून मी मान डोलावली.

सोमवारची बाई तासाभरात परत आली, मंगळवारची रडत आली. बुधवारी खुद्द पाळकबाई गेल्या, दाराशी मोठी प्रार्थना करून परतल्या. बाईंचं एकच म्हणणं, मला कुणी हात लावायचा नाही. जन्मभर ज्या दुसऱ्यांच्या खाटेजवळ बसल्या, त्यांना स्वतःच्या खाटेजवळ कुणी बसलेलं सोसत नव्हतं.

गुरुवारी मी गेले. वाटेत दोनदा थांबले, एकदा तर परत फिरले होते. खोलीत औषधाचा आणि ओल्या गोधडीचा वास. बाई उताण्या, डोळे मिटलेले.

"जा," त्या म्हणाल्या.

आजाऱ्याच्या खोलीत गेल्यावर आधी प्रार्थना करायची, एवढंच मला ठाऊक. पण तोंडपाठ प्रार्थना एकच येत होती. माझे वडील गावी मंडळीच्या कबरस्तानाची राखण करायचे. तिथे ऐकून ऐकून पाठ झालेली. मी डोळे घट्ट मिटले आणि सुरू केली. बरीच म्हटली. "आमच्या या निद्रिस्त बहिणीला" इथवर आले तोच खाटेवरून आवाज आला.

"निद्रिस्त? अगं, जागी आहे मी!"

मी डोळे उघडले. बाईंचा अर्धा चेहरा थरथरत होता, घशातून घरघर येत होती. दुसरा झटका आला असं वाटून मी बेनला हाक मारणार, तेवढ्यात कळलं की त्या हसताहेत. अर्ध्याच तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईतो.

"मला पुरायला आलीस का गं?"

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळून जावं असं फार वाटलं. पण वळताना त्यांच्या पाठीखाली चादरीवर पिवळट डाग दिसला आणि पाय तिथेच अडले.

"नाही," मी म्हटलं. "कुशीवर वळवायला आले."

"हात लावू नकोस. मी बोलावलं नव्हतं तुला."

"मी तरी तुम्हाला कुठे बोलावलं होतं? तुम्ही आलात आणि माझं सूप ओढलंत."

इतकं लांब वाक्य मी त्या गावात नवऱ्याखेरीज कुणाशी बोलले नव्हते. मी उभीच राहिले. म्हटलं, आता इथून हलायचं नाही.

शेवटी त्या बेनसारख्या गुजरातीत म्हणाल्या, "चालशे." चालेल. मग डावा हात उचलून माझ्या खांद्यावर टाकला.

आईला वळवायची तसंच त्यांना वळवलं. आधी गुडघा दुमडायचा, मग चादर धरून हळूच ओढायचं. कंबरेखाली पुरीएवढी जखम होती. कडुनिंबाच्या कोमट पाण्याने धुतली, डॉक्टरीणबाईंचं मलम लावलं. बाईंनी दात आवळले, पण रागावल्या नाहीत.

"उद्या कोण?" त्यांनी विचारलं.

"पाळकबाई पुन्हा येते म्हणाल्यात."

"फार लांब प्रार्थना करते ती."

जखम तर एका गुरुवारने भरणार नव्हती. म्हणून घरी न जाता मी तशीच पाळकबाईंकडे गेले. दारातूनच सांगितलं, "आधी कूस, मग मलम, प्रार्थना शेवटी. आणि लहान." पाळकबाई म्हणाल्या, "तू आधी मला वळवायचं कसं ते दाखव." त्यांच्याच पलंगावर त्या आडव्या झाल्या आणि मी त्यांना वळवलं. रविवारी उपासनेनंतर सगळ्या वारांच्या बायकांना दाखवलं. त्या दिवशी मी शेवटच्या गीतानंतरही थांबले होते.

जखम भरेपर्यंत थंडी सरली. बाई चालल्या मात्र नाहीत. लोडाला टेकून बसू लागल्या, डाव्या हाताने तांदूळ निवडू लागल्या. एका गुरुवारी मला म्हणाल्या, "त्या दिवशीची तुझी प्रार्थना अर्धी राहिली. पुरी कर की."

"ती आत्ता नाही करायची."

"मग केव्हा?"

"तुम्ही खरंच झोपाल तेव्हा."

"म्हणजे तोवर तुला यावं लागणार."

"येईन," मी म्हटलं आणि त्यांचा गुडघा दुमडला.