देवळापुढे अर्धं राहिलेलं भजन

मंडळी, आज दुपारी देवपूरला शोभाच्या, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, अंत्ययात्रेत भजनी मंडळाने एक भजन धरलं आणि मला घाम फुटला.

नव्वदच्या सुमारास आमच्या कॉलेजच्या गायनचमूने तेच भजन धुळ्याजवळच्या एका गावात देवळापुढे गायलं होतं. गाणं बसवणारे सर बाहेरगावचे, त्यांना फक्त चाल आवडलेली; ते कधी म्हणतात हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. शोभा पुढे, आम्ही मागे. एक टाळी पडली नाही. बायका पोरांना उचलून निघाल्या. एक आबा उठून म्हणाले, "हाई मयतनं भजन शे. कोन गयं?"

गावात कोण वारलं, असं ते विचारत होते. आम्ही घाबरून थांबलो. आबा ओरडले, "आते आर्धं सोडानं नही!" पण आम्ही ते अर्धंच सोडून पळालो.

उरलेलं कडवं आज शोभाच्या तिरडीमागे ऐकलं. घरी आल्यापासून तेच माझ्या तोंडात येतंय. तुम्हीच सांगा, घरात मयत नसताना म्हणून टाकू, की पुन्हा अर्धं सोडून गिळून बसू?