तंबाखूचा पुडा किती दिवस पुरतो

शाळेतल्या पालकसभेहून मी घाबरून घरी आलो. आमचं गाव हरिहरेश्वराच्या वाटेवरचं, समुद्रकाठचं. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि सोमवारी सुरूच्या बनात काय काय पडलेलं असतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मुख्याध्यापक तेच म्हणाले. गांजा, गोळ्या पोरांच्या हाती पडायला वेळ लागत नाही. घरी लक्ष ठेवा: भूक, चिडचिड, न्हाणीत लागणारा वेळ. माझी एकुलती मुलगी दहावीत. मी तिन्ही गोष्टी वहीत उतरवून आणल्या.

मला मोजायची सवय आहे. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, गॅसची टाकी कधी लावली, सगळं मी लिहितो. तसं मुलीचंही लिहायला लागलो. सकाळी न्हाणीत बावीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी चोवीस. आठवड्यात तीनदा अर्धी भाकरी टाकून उठली. मधे चार दिवस मामाकडे गेली, तर तिथं पहिल्याच दिवशी डोकं धरून बसली आणि दुसऱ्या दिवशी मामीवर खेकसली. घरी परतल्यावर तासाभरात ठीक.

तासाभरात ठीक, हे मी पुन्हा वाचलं आणि त्याखाली रेघ मारली. म्हणजे जे काही होतं ते इथंच, घराच्या आसपास मिळत होतं.

ती आंघोळीला गेलेली असताना मी तिचं दप्तर उपसलं. वह्या, कंपास, डबा, रेनकोटचे खिसे. काही नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, शोधायचं तर शोधा. पण भूगोलाची वही विज्ञानाच्या कव्हरात कशाला घातलीत?"

"अहो, पोलिसात भरती व्हा एकदाचे," बायको म्हणाली. मला हसू आलं नाही. पुढच्या तीन संध्याकाळी मी किनाऱ्यावर लांबून तिच्या मागे गेलो. ती आणि दोन मैत्रिणी कैरी खात बसल्या होत्या, एवढंच दिसलं. भीती मात्र कमी झाली नाही. जे दिसत नाही ते किती मोठं असेल, याचा अंदाजच येत नव्हता.

माझी आई मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड सकाळी दातांना घासायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका चहाच्या आधी हेच करतात. आईचा हात थरथरतो, म्हणून वर्षभर मुलगीच तिला भाजून देत होती. तंबाखूचा पुडा आणायचं काम माझं. त्या सोमवारी आई म्हणाली, "तंबाखू संपली रे."

मी वही उघडली. पूर्वी पुडा तीस दिवस जायचा, एखादा एकोणतीस. मग चोवीस. मग एकोणीस. शेवटचा चौदा.

"आई, हल्ली जास्त लावतेस का गं?"

"मी? माझं चिमटीचं माप हाय. साठ वर्सं तेवढंच."

मी तिथंच पायरीवर बसलो. मग आठवलं. नववीत, सहामाहीच्या आदल्या दिवशी मुलीची दाढ ठणकत होती. दंतवैद्य तालुक्याला आणि सकाळी गणिताचा पेपर. "आजीकडून चिमूटभर लावून घे, थांबेल," हे मीच म्हणालो होतो. मला लहानपणी आईनं तसंच लावलं होतं. ठणका थांबला. पेपरात ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर पडले, ते मी कौतुकानं वहीत लिहिलेलेही आहेत.

ती शाळेतून आल्यावर सरळ विचारलं. "मशेरी किती वेळा लावतेस?"

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग बोलली. "सकाळी दोनदा. घरी आल्यावर. झोपताना."

"आणि शाळेत?"

"मधल्या सुट्टीत. दप्तरात केसांच्या क्लिपांची डबी आहे, तिच्यात असते."

ती डबी मी उघडलीच नव्हती.

"म्हणजे दिवसाला पाच."

"आजी लावते, शेजारच्या काकी लावतात. त्यांना कुणी नशा म्हणत नाही. आधी मला लावली की चक्कर यायची. आता नाही लावली की येते."

दुसऱ्याच दिवशी तिला तालुक्याला नेलं. दंतवैद्यानं तिचा खालचा ओठ उलटा करून मला दाखवला. आत नखाएवढा पांढरा चट्टा होता. "अजून वेळ आहे. पण आजपासून बंद," ते म्हणाले. शंभरातले किती बरे होतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आकडा मागू नका. बंद करा."

घरी आई म्हणाली, "येवढी वर्सं लावतेय, मला काय झालं?" मी मुलीला तिच्यापुढे बसवून ओठ दाखवायला सांगितलं. आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग आपला डबा माझ्या हातात दिला. "टाकून ये. कुठं टाकलास ते मला सांगू नको."

तिसरा दिवस सगळ्यांत वाईट गेला. मुलीनं ताट भिरकावलं आणि मग स्वतःच भात गोळा करत रडली. आई दुसऱ्या खोलीत डोकं बांधून पडून होती. पाचव्या दिवशी दोघी जेवल्या. आठव्या दिवशी न्हाणीत नऊ मिनिटं. मला जरा धीर आला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आज लावली. एकदा. काकींकडे मागितली."

मी तसाच उठलो. शेजारच्या वहिनी अंगणात सुकट निवडत होत्या.

"भावोजी, येवढ्यासाठी तोंड उतरलंय व्हय? मशेरीच ती. मला वाटलं पोरगी दारू प्याली."

"वहिनी, तिच्या ओठाला आतून चट्टा आलाय."

त्यांचा हात थांबला. "कुठं?"

"खालच्या ओठाला."

त्यांची जीभ नकळत स्वतःच्या खालच्या ओठाआड फिरली. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "न्हाय देणार."

आमच्या आळीत चौदा घरं. अकरा घरांत मशेरी भाजतात. आमचं धरून बारा होती. पोरीला देऊ नका, हे वहिनींना सांगून झालं, दहा घरं उरली. मी पुढच्या घराची कडी वाजवली. आत तवा तापलेला होता, वास ओटीपर्यंत येत होता. मागे वळून पाहिलं तर मुलगी माझ्यामागोमाग येऊन उभी होती.

"तू घरी जा," मी म्हणालो.

ती तो वास ओढून घेत दाराकडे बघत होती. तिथून हलली नाही.