काकांसाठी मी निवडलेलं पॉवर स्टेशन

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे काका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. काम सुटल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांना दम लागायला लागला, आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकात सोडणारं, विजेवर चालणारं. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेलेली. घरात ते आणि काकू, दोघंच. आपसात तेलुगूत बोलायचे, माझ्याशी मराठीत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो, म्हणून इमारतीत सगळे मला सर म्हणतात.

मार्चमध्ये एका सकाळी काकू वर आल्या. "सर, उन्हाळा आला. लाईट गेली की यांचं मशीन बंद पडतंय. घरमालक इन्व्हर्टर बसवू देईना. ते चार्ज करून ठेवायचं डबा मिळतंय म्हणे. तुम्हीच निवडून द्या की."

योगायोग असा, की मीही त्या वेळी असाच चार्ज करून कुठंही नेता येणारा बॅटरीचा डबा, म्हणजे पॉवर स्टेशन, शोधत होतो. आम्ही चार मित्र उजनी धरणाच्या जलाशयावर रोहित पक्षी बघायला जाणार होतो, तंबू ठोकून दोन दिवस राहायला. पंधरा दिवस मी त्यावरचे व्हिडिओ बघत होतो. एका हातानं उचलता यावं, गाडीच्या डिकीत सहज बसावं, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज व्हाव्यात, तंबूत दिवा लागावा. माझी निवड झालीच होती. काकूंसाठी मी तेच आणखी एक मागवलं.

काकांसाठी विचारायला हवे होते ते प्रश्न दोनच. मशीन किती वॅट ओढतं, आणि या डब्यावर ते किती तास चालेल. हा धडा मी दरवर्षी शिकवतो. मशीनच्या मागे पाटी असते, तिच्यावर आकडा लिहिलेला असतो. एक जिना उतरून ती वाचायची होती. मी उतरलो नाही. घरात ठेवायचं मशीन म्हणजे पंख्याएवढी वीज घेत असेल, असं मी मनाशी धरलं, आणि इतकं ठामपणे धरलं की ते मला माहीत आहे असंच वाटायला लागलं.

खोकी आली तेव्हा मी त्यांचं खोकं खाली नेऊन दिलं. काकांनी डबा फिरवून फिरवून बघितला.

"सर, एकदा मशीन लावून बघायचं का?"

"काका, मी सगळं बघूनच घेतलंय. तुम्ही फक्त चार्ज करून ठेवा."

माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बरं."

मला तंबूचं सामान आणायला जायचं होतं.

पुढच्याच शनिवारी आम्ही उजनीला गेलो. डबा छान चालला. मित्रांनी कौतुक केलं, मी त्यांना वॅट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. रविवारी दुपारी घरी आलो तर काकांच्या दाराला कुलूप. समोरच्या वहिनींनी सांगितलं, की शनिवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट बंद केली ती चारपर्यंत आलीच नाही. काकूंनी मशीन डब्याला जोडलं. ते सुरू झालं, डबा शिट्टीसारखा वाजला आणि बंद पडला. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. घरात ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो तासाभरात संपला. मग काकांना खुर्चीत बसवून इमारतीतल्या दोघांनी जिन्यावरून खाली आणलं आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं. तोपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते.

मी तसाच दवाखान्यात गेलो. काका झोपले होते. काकू बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्याच म्हणाल्या, "सर, तुमचं काही चुकलं नाही हो. आमचं मशीनच जुनं झालंय."

खरं बोलायची वेळ ती होती. मी म्हणालो, "हो काकू, जुनी मशीनं जास्त वीज ओढतात." वर्गात बोलतो त्याच आवाजात. त्यांनी मान डोलावली.

काका बुधवारी घरी आले. संध्याकाळी मी खाली गेलो, आणि पहिल्यांदा मशीनच्या मागे वाकून पाटी वाचली. साडेतीनशे वॅट. डब्याची ताकद तीनशे. त्यात मशीन सुरू होताना आणखी जास्त ओढणार. मी तसाच खाली बसलो.

"काका, मशीन जुनं म्हणून तसं नाही झालं. मी चुकीचं निवडलं. पाटी बघितलीच नाही."

"मला माहीत होतं की, सर." नळी सावरत ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी बघितलो. मोटारीच्या पाट्या बघण्यातच जिंदगी गेली. म्हणून तर म्हणलो, लावून बघू."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही शिकवता. नव्या वस्तूत काहीतरी वेगळं असेल, मलाच कळत नसेल, असं वाटलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

काकू तिथंच मेथी निवडत होत्या. त्यांच्याकडे न बघता मी सांगितलं, की दवाखान्यात बोललो ते खोटं होतं. त्या ताट उचलून आत गेल्या. मी गेलो की दर वेळी चहा व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

दुसरं पॉवर स्टेशन आणायचं ते माझ्या पैशानं, एवढं मी काकांकडून कबूल करून घेतलं. निवडलं मात्र त्यांनी. ते एकेक प्रश्न सांगायचे आणि मी दुकानदाराला फोनवर विचारायचो. आलं ते उचलायला दोन माणसं लागली. सकाळी दहाला आम्ही मेन स्विच बंद केला, मशीन त्याच्यावर लावलं आणि घड्याळ घेऊन बसलो. भरलेला सिलिंडर काकांनी शेजारी ठेवायला लावला होता. दर पाव तासाला ते डब्याच्या पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचे, मी लिहून घ्यायचो. दोन तास चाळीस मिनिटं चाललं. "त्याच्या पुढं सिलिंडर," काका म्हणाले, आणि तसं काकूंना तेलुगूत समजावून सांगितलं.

तो उन्हाळा नीट गेला. लाईट गेली की खालून मशीनचा आवाज येत राहतो का, हे मी कान देऊन ऐकायचो. काका जिन्यात भेटले की पूर्वीसारखंच बोलतात. काकूही बोलतात, पण विचारत काही नाहीत. पावसाळ्यात एकदा त्यांचा मिक्सर बंद पडला. तो कडेवर घेऊन त्या माझ्या उघड्या दारावरून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथले गृहस्थ विमा कंपनीत आहेत, त्यांना मिक्सरमधलं काही कळत नाही. मी दार हळूच लोटून घेतलं.