ऑक्सिजन मीटरचा स्क्रू

ऐंशीच्या दशकात मी बालाघाटच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी खटपट करून एक ऑक्सिजन मीटर मिळवलं होतं. पेशंटला मिळणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती, ते त्याचा काटा दाखवायचा. रोज सकाळी ते साध्या हवेत धरायचं, हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के, म्हणून काटा एकवीसवर नसेल तर बारीक स्क्रू फिरवून तिथं आणायचा, मगच मशीनला जोडायचं. पाच मिनिटांचं काम, आणि ते माझं होतं.

त्या दिवशी किरनापूरहून माझी बस उशिरा आली. लांजीकडचा एक शेतकरी हर्नियासाठी टेबलावर आधीच निजलेला होता. मी मीटर तसंच जोडलं.

अर्ध्या तासानं काटा पस्तीसवरून उतरू लागला. तीस, पंचवीस. मशीनच्या काचेच्या नळीतली गोटी मात्र वरच होती, म्हणजे ऑक्सिजन नीट येत होता. मला वाटलं, सकाळी काटा लावला नाही म्हणून मीटर चुकतंय. बाई शिरेतून औषध देत होत्या. त्यांचं लक्ष नाही असं पाहून मी स्क्रू फिरवला आणि काटा पस्तीसवर आणून ठेवला. पुन्हा उतरला तेव्हा पुन्हा.

थोड्या वेळानं सर्जन म्हणाले, "खून काला दिख रहा है."

बाईंनी पेशंटची नखं पाहिली. निळी. त्यांनी मशीनची नळी ओढून काढली आणि हाताच्या फुग्यानं साधी हवा द्यायला लागल्या. "सिलेंडर बदल!" त्या ओरडल्या. ऑक्सिजनचा सिलेंडर रिकामा झाला होता, पेशंटला नुसता भुलीचा वायू जात होता. गोटी नळीला चिकटून वरच राहिली होती. सिलेंडरची चावी माझ्या हातून दोनदा खाली पडली, मग कुठं नवा सिलेंडर लागला. पेशंटचे ओठ गुलाबी झाले तेव्हा बाई स्टुलावर बसल्या.

नंतर त्यांनी मीटर हवेत धरलं. काटा एकवीसच्या कितीतरी वर होता.

"सकाळी लावला होतास ना रे काटा?"

"हौ मॅडम."

"मंग मीटरच खराब आहे."

मीटर दुरुस्तीला नागपूरला गेलं. तिसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याची बायको माझ्या पायाशी वाकली. "भाऊ, तुम्ही सिलेंडर बदललं म्हणून माहा माणूस वाचला." मी मागं सरलो, पण 'नाही' म्हणालो नाही.

महिनाभर आम्ही मीटरशिवाय ऑपरेशनं केली. बाई प्रत्येक पेशंटच्या ओठांवरून नजर हलवत नव्हत्या. मग मीटर परत आलं. सोबतच्या चिठ्ठीत होतं, दोष नाही, फक्त स्क्रू फिरलेला. बाईंनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली, तेव्हा कुठं मी खरं बोललो.

"स्क्रू फिरवला ते एक," त्या म्हणाल्या. "पण महिनाभर मले अंदाजानं भूल देऊ दिली तुनं."

त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं.

पुढं नव्या पोरापोरींना मीटर लावायला मीच शिकवलं. ही गोष्टही दरवेळी सांगितली. पण 'एक टेक्निशियन होता' अशीच.