खोट गाडीत की हातात

मामंजी गाडी वळवायचे ती फक्त उजव्या हाताने. डावा हात मांडीवर निवांत. रस्ता अरुंद असो, समोरून उसाचा ट्रॅक्टर येवो, तो हात काही स्टेअरिंगकडे जायचा नाही. माझे हे सासरे पलटणीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे 'डायवर' म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं.

त्या जीपला ते सख्ख्या मुलालाही हात लावू देत नसत. मला मात्र लग्नानंतर वर्षभरात त्यांनी शिकवलं. नवरा फौजेत, कायम बाहेर; घरात गाडी हाकणारं दुसरं माणूस पाहिजे, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. पावसाळ्यात मळ्याच्या चिखलात फोर-व्हीलचा दांडा कसा टाकायचा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी तो न चुकता का काढायचा, हे त्यांनी मला घोटून घेतलं. डांबरावर चारही चाकं जखडलेली राहिली तर वळताना ती एकमेकांशी भांडतात, असं ते म्हणायचे. तरीही मी जीप चालवायची ती मळ्यापुरतीच. गावाबाहेर ती त्यांची.

म्हणून गेल्या वर्षी एके सकाळी त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी किल्ली ठेवली तेव्हा मी हबकलेच. "आज गाडी तू चालवायची," एवढंच बोलले. सासूबाई घास हातात धरून बसल्या. मी कारण विचारलं. तर म्हणाले, कोरेगावला पलटणीतल्या जुन्या सोबत्याकडे जायचंय, चल.

निघालो. सरळ रस्त्याला जीप नेहमीसारखी पळत होती. आष्ट्यात मी चौकात वळायला गेले आणि कुणीतरी चाकं धरून ठेवल्यासारखी ती अडली. टायर कुरकुरले, स्टेअरिंग दगडासारखं जड, इंजिन बंद. घाबरून मी ती पुन्हा सुरू करून थोडी मागे घेतली, तेव्हा खालून 'खट्' झालं आणि गाडी सुटली. शेजारी पाहिलं तर मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुलाबी जड जातंय?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी हो म्हटलं.  त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचं एक चाक जॅकवर उचललं. फोर-व्हीलचा दांडा काढलेलाच होता. त्यांनी इंजिन बंद ठेवून जीप गिअरमध्ये टाकली आणि मला ते चाक हाताने फिरवायला सांगितलं. पुढची चाकं खरंच सुटी असती तर ते फिरलं असतं. मी सगळा जोर लावला. हललं नाही. दांडा वर सुटला होता, आत सगळं अडकूनच राहिलं होतं.

मामंजी रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. मग हळूहळू सांगितलं. हिवाळ्यात एका पहाटे उजवा हात बधिर झाला होता, आणि त्याच सुमारास जीप वळणावर जड लागायला लागली. दांडा तर काढलेला दिसतोय, म्हणजे आपला हातच गेला, असं ते धरून चालले होते. घरात कुणाला सांगितलं नाही. कोरेगावच्या त्या सोबत्याला जीप देऊन टाकतो असा शब्दही दिला होता. आम्ही निघालो होतो ते गाडी पोचवायलाच.

 रोज एका ताटाच्या अंतरावर जेवणारा माणूस इतके महिने आपला हात मेला असं समजून जगत होता.

आष्ट्याच्या गॅरेजात फोर-व्हीलच्या दांड्याखालची पेटी उघडली. आतला झिजलेला तुकडा बदलला. आठवड्याने मामंजी स्वतः स्टेअरिंगवर बसले आणि म्हणाले, कोरेगावला जाऊन नाही म्हणून सांगू. कराड मागे पडेपर्यंत ते पलटणीतल्या गोष्टी सांगत होते. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

साताऱ्यातून कोरेगावकडे वळताना त्यांचा उजवा हात स्टेअरिंगवरून निसटला आणि लोंबत राहिला. जीप भलतीकडे निघाली. त्यांनी डाव्या हाताने ती सावरली, कडेला उभी केली, इंजिन बंद केलं.  ते उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"गाडीत आता काय खोट न्हाई, पोरी. सरक तिकडं."

त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. मी पलीकडे सरकून इंजिन सुरू केलं. मी दवाखान्याकडे वळते म्हटलं, तर दिलेला शब्द आधी मोकळा करायचा म्हणाले.

कोरेगावात सोबती अंगणात वाट बघत उभे होते. जीपला हात लावून त्यांनी विचारलं, "मग डायवर, ठेवून जाताय न्हवं?"

मामंजी दुसऱ्या हाताने उजवा हात पोटाशी धरून उतरत होते.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "गाडी सुनेची हाय. तिला इचारा."

डॉक्टरांनी मानेतली शीर दबल्याचं सांगितलं. हात काही परत आला नाही, आणि यंदाच्या उन्हाळ्यात मामंजीही गेले. पण त्या अंगणात दोन म्हातारे फौजी माझ्या उत्तरासाठी थांबले होते, आणि मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून फक्त मान हलवली. नाही.